राइटमधला डब्ल्यू आणि तुमची चुकलेली बस

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. "तूच खोड" हे ज्या सुरात म्हणालात, त्यावरून शाळेतल्या बाई असणार एवढं ओळखलं. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. कुणीतरी तुम्हाला दाखवेलच.

विश्रामबागच्या थांब्यावर शेजारी बसून कागद पुटपुटणारा तो मी. परगावच्या व्यापाऱ्याला पत्र होतं: आमची राजापुरी हळद घ्या, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य, 'यू विल डू द राइट चॉइस'. त्यात राइटला पुढे डब्ल्यू, म्हणजे 'लिहिणे'वाला! सौद्यात हळकुंड मोडून रंग सांगतो मी, पण इंग्रजी म्हटलं की घाम फुटतो.

ज्या क्लासला पाच हजार भरले, तिथल्या सरांनी हेच वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला हसवलं होतं. बरोबर काय, ते सांगायचं राहूनच गेलं. फी बहुधा हसण्याची होती.

तुम्ही शिसपेन्सिलीने 'डू'खाली आणि डब्ल्यूखाली एकेक टिंब दिलंत, बस्स. "निर्णय काय करतोस?" घेतो. "आणि निवड?" करतो. "हां, पण इंग्रजीत हे करणं 'डू' नव्हे, 'मेक'. आणि 'द' राहू दे. चांगल्या निवडी दहा असतील, तिथे 'अ गुड चॉइस'. बरोबर म्हटलंस की एकच."

तेवढ्यात मिरजेची बस आली. तुम्ही उठलात, पिशवी खांद्याला लावलीत, माझ्याकडे पाहिलंत. मी अजून डब्ल्यूवरच अडकलेला. तुम्ही पिशवी परत बाकावर ठेवलीत. उत्तर सांगून टाकलं असतंत तर बस मिळाली असती. नाही सांगितलंत. शेवटी मीच चाचरत म्हटलं, आर-आय-जी-एच-टी. तेव्हा कुठे खोडरबर पुढे केलात.

२०१९ च्या पुरात होडीतून अनोळखी घरांत भाकरी पोचवणारी माणसं पाहिलीत मी. तुम्ही त्यांच्यातल्या.

व्यापाऱ्याने पाच किलोचा नमुना मागवलाय. सौदे उरकले की संध्याकाळी मी त्याच बाकावर असतो. पिशवीत अर्धा किलो हळद आहे, दळलेली, तुमच्या नावाची. नाव तेवढं सांगा.