शेजारच्या लॅबमधल्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवणार नाही.

गेल्या पावसाळ्यात माझं काम पार अडलं होतं. ए५४९ या माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींना टीएनएफ-अल्फा हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन दिलं, की अर्ध्या तासात पेशीतलंच पी६५ हे दुसरं प्रथिन केंद्रकात शिरायला हवं. सुरुवातीला शिरायचंही. मग दर आठवड्याला कमी कमी होत गेलं आणि शेवटी काहीच घडेना. मी पेशी बदलल्या, पी६५ला हिरवा रंग देणारी अँटिबॉडी बदलली, रात्री जागवल्या. पीएचडी सोडून द्यावी असंही मनात येऊन गेलं.

तुम्ही फ्रीझरपाशी भेटलात आणि एवढंच विचारलंत, "ही टीएनएफची नळी कितीदा वितळवलीस?"

सात वेळा. एकाच नळीतून थोडं थोडं काढायचं आणि परत गोठवायचं, असं चाललं होतं. तुम्ही न रागावता समजावलंत: मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून बनवलेलं टीएनएफ हे प्रथिन म्हणजे १५७ अमिनो आम्लांची एकेक साखळी, अशा तीन साखळ्या एकमेकींना धरून असतात तेव्हाच ते काम करतं. गोठणं-वितळणं त्याला सोसत नाही. आणि तुमच्या डब्यातली, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधली एक नळी काढून माझ्या हातावर ठेवलीत. बाहेरून मागवलेली वस्तू यायला किती आठवडे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या देण्याची किंमत कळेल.

त्या संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. टीएनएफ न दिलेल्या पेशींत हिरव्या रंगाच्या मधोमध केंद्रकाची काळी भोकं. दिलेल्या पेशींत तीच भोकं हिरवीगार उजळलेली! मी बराच वेळ नुसती बघत बसले.

माझी टीएनएफची नवी कुपी आली तेव्हा तुम्ही घरी जायचे थांबलात. पावडर इतकी थोडी, की डोळ्यांना दिसतही नाही, झाकणाला चिकटलेली असू शकते. म्हणून उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची. १० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी, हलक्या हाताने, व्हॉर्टेक्स म्हणजे यंत्रावर जोरात घुसळणं करायचं नाही. ते प्लास्टिकला चिकटून जाऊ नये म्हणून ०.१ टक्का बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन. मग ५-५ मायक्रोलिटरच्या वीस नळ्या. एक नळी म्हणजे १० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटरचं ५० मिलिलिटर पेशी वाढवायचं माध्यम, हा हिशोब तुम्ही हातमोज्यांच्या खोक्यावर पेनने मांडून दाखवलात. ते झाकण मी फाडून जपून ठेवलंय.

शोधनिबंधाच्या लेखकांत तुमच्यासारख्यांची नावं येत नाहीत. मला ते खटकतं, आणि माझ्या प्रबंधात तरी तुमचं नाव येईल. त्याला मात्र नाही म्हणू नका.

तुमच्या डब्यात तिसऱ्या रांगेत दोन नळ्या ठेवल्या आहेत. एक तुमची परत, एक माझ्याकडून. झाकणावर तारीख घातली आहे आणि दोन्ही अजून एकदाही वितळलेल्या नाहीत.

तुमची,
शेजारच्या लॅबमधली विद्यार्थिनी