बीटल्स फेस्टला जाणाऱ्यांसाठी, सह्यांबद्दल
मंडळी, न्यू जर्सीच्या बीटल्स फेस्टला (बीटल्स या बँडच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) आपल्यातले जे जे जाणारेत त्यांनी एलपीचं (मोठ्या रेकॉर्डचं) कव्हर प्लॅस्टिकमधून आधीच काढून ठेवा, सह्यांच्या टेबलापाशी पोचल्यावर काढत बसलात की मागची लाईन थांबते, आणि कव्हर गडद असेल तर सिल्व्हर मार्कर घ्या, काळी शाई दिसतच नाही. सही झाली की दोन मिनिटं सुकू द्या प्लीज, माझी एक पुसली गेली त्याचं अजून वाईट वाटतं.

स्टॉलवर जुन्या सह्या विकत घेताना खूप सांभाळून हं! १९६० च्या दशकात नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हन्स हे बीटल्सचे रोड मॅनेजरसुद्धा बँडमधल्या चौघांच्या नावाने सह्या करून द्यायचे. बीटल्सचा ड्रमर रिंगो, त्याला पोस्टाने काही पाठवू नका, २० ऑक्टोबर २००८ नंतरच्या फॅन मेलवर सही करणार नाही असं त्याने तेव्हाच सांगितलंय.