गोठ्यात लग्न? चालेल की!

प्रिय चिऊ,

तुझ्या लग्नाच्या सजावटीची ती भली मोठी पीडीएफ काल रात्री टीव्हीला जोडून आईने आणि मी शेवटपर्यंत बघितली. परीकथेची थीम म्हणजे काय ते आता कळलं. फांद्यांची कमान, मशरूमच्या आकाराचे स्टूल, छतापासून खाली सोडलेले पांढरे झिरझिरीत पडदे, फेअरी लाइट्स किती ते मोजायचं सोडून दिलं, फुलांचे मुकुट, केकवर हिरवं शेवाळं (ते खायचं असतं का गं?) आणि पाहुण्यांना रस्ता दाखवणारे ससे. आईला फार आवडलं, तिने लगेच आत्याला फॉरवर्ड केलं, आणि पाच मिनिटांत आत्याचा फोन, अरे एवढी शिकली, अमेरिकेत गेली, नी लग्न काय गोठ्यात करतीय?

मी म्हणलं, मग काय झालं. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी सगळी नोकरी गोठ्यात गेली, तुझ्या इंजिनिअरिंगची फी गोठ्यानेच भरली, तर लग्न गोठ्यात झालं तर बिघडलं कुठं. आत्या म्हणाली तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. ते असू दे, तिचं व्हिसाचं झालं की ती सगळ्यात पुढे उभी असणार बघ.

पण खरं सांगू का, मला तुझ्या त्या पीडीएफमध्ये परीकथेपेक्षा बार्नच, म्हणजे तो गोठा नी कोठार एकत्र, जास्त आवडला, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तो बार्न झाकू नकोस. तू आणि ती प्लॅनरबाई मिळून त्याला पडदे लावून, कापसाचे ढग टांगून असा करून ठेवणार की तो बार्न आहे की हॉटेलचा हॉल हे कळायचं नाही. मग एवढ्या लांब बर्क्स काउंटीत कशाला जायचं, फिलाडेल्फियातच हॉल बघायचा.

मागच्या वेळी आम्ही आलो तेव्हा तू त्या भागातून गाडी नेली होतीस ना, मी सारखा थांब थांब म्हणत होतो आणि तू वैतागली होतीस. तेव्हापासून मी जरा वाचलंय त्यावर. तिकडच्या या जुन्या बार्नना बँक बार्न म्हणतात, उताराच्या कडेला बांधलेले, म्हणजे खालचा मजला एका बाजूने जमिनीच्या लेव्हलला आणि वरचा मजला दुसऱ्या बाजूने. अठराव्या शतकात जर्मन बोलणारे शेतकरी युरोपातून पेनसिल्व्हेनियात आले त्यांनी ही पद्धत आणली. खाली दगडी भिंतीत गाई, घोडे, वर वैरण आणि धान्य, आणि वरच्या मजल्यावर मातीचा उतार चढवून भरलेली गाडी थेट आत न्यायची. वरचा मजला एका बाजूला पाच-सहा फूट पुढे काढलेला असतो, तो बहुतेक करून दक्षिणेला किंवा पूर्वेला, म्हणजे हिवाळ्यात खालच्या दारांना ऊनही मिळतं आणि बर्फाचा आडोसाही होतो. वैरण वरून खाली टाकली की झालं, डोक्यावर भारा घेऊन बर्फातून जायला नको. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला गुरांची कळकळ होती, मला तर सर्टिफिकेट द्यावंसं वाटतं.

आणि जिथे तुम्ही उभे राहणार, म्हणजे फोटोत जिथे कमान दाखवलीय, ते मधलं मोकळं लाकडी पटांगण, ती मळणीची जागा. तिथे गव्हाच्या पेंढ्या पसरून काठीने झोडपायचे आणि दोन्हीकडची दारं उघडून वाऱ्यावर उपणायचे. म्हणजे आपलं खळंच की! आपल्याकडे खळ्यात चप्पल घालून जात नव्हते, मधोमध तिवडा रोवायचा, त्याची पूजा करायची, मग बैल फिरायचे. आता हार्वेस्टर आले, रस्त्यावर ज्वारी पसरतात, खळी गेली. तुझ्या आजीला मी सांगितलं की पोरीचं लग्न गोऱ्यांच्या खळ्यावर आहे, तर ती म्हणाली मग चांगलंय की, खळ्यावर लक्ष्मी असते. तिने एका वाक्यात मिटवलं, आणि आत्या अजून गोठ्यातच अडकलीय.

तर त्या खांबांवर पडदे नकोत. तुझ्या व्हिडिओत मी बघितलं, तुळयांच्या सांध्यांवर छिन्नीने कोरलेले रोमन आकडे आहेत, तू म्हणालीस कुणीतरी टाइमपास केलाय. टाइमपास नाही गं. सुतार सगळी चौकट आधी जमिनीवर जुळवून बघायचे, कुठलं कुसू कुठल्या खाचेत बसतं त्याची खूण करायचे, मग सुटं करून गावातली माणसं बोलवून एका दिवसात उभं करायचे. लोखंडी खिळा नाही, लाकडाच्या खुंट्या. त्या खुणांना तिकडे मॅरेज मार्क्स म्हणतात, आता तूच सांग त्यावर शिफॉन गुंडाळायचा का. आणि मालक म्हणाला ना काही तुळया चेस्टनटच्या आहेत, तर तेही बघून घे नीट, कारण तो अमेरिकन चेस्टनट आता मोठा झालेला जंगलात जवळपास मिळत नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी सापडली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत अब्जावधी झाडं गेली. मुळातून फुटवे येतात पण थोडे वाढले की परत तीच बुरशी धरते. झोपी गेलेल्या राजकन्येची गोष्ट पाहिजे तर ही घे, डोक्यावरच आहे.

रंगाचंही तेच. तो लाल रंग तुझ्या प्लॅनरला पेस्टल थीममध्ये बसत नाही म्हणे. तो कशाचा माहितीय का, जवसाच्या तेलात गेरू. म्हणजे आयर्न ऑक्साइड, त्याने लाकडाला बुरशी कमी लागते आणि स्वस्त पडतं. आणि बाहेरच्या भिंतीवर तो गोलातला बारा टोकांचा तारा आहे, तो तिकडचा खास, हेक्स साइन. कुणी म्हणतं नजर लागू नये म्हणून, कुणी म्हणतं नुसता शोभेला, त्यांच्यातच भांडणं आहेत. आई तो तारा कागदावर काढून बसलीय, उतारावर दारासमोर तशीच रांगोळी घालणार आहे, तिला नाही म्हणू नकोस.

आता पडद्यांचं दुसरं कारण, जे जास्त महत्त्वाचं आहे. वैरण ओली असताना रचली, वीस टक्क्यांच्या वर ओलावा राहिला, तर आत जंतू कामाला लागतात, ऊब वाढत जाते आणि काही आठवड्यांनी आपोआप पेटते. आपल्याकडेही ओल्या वैरणीच्या गंजीतून वाफ निघताना मी बघितलंय. म्हणून त्या बार्नला जागोजागी फटी आणि झडपा ठेवलेल्या असतात, वारा खेळता राहावा म्हणून. तू ते सगळं कापडाने बंद करणार, आत दीडशे माणसं, जूनअखेरचा दमट उकाडा, एसी नाही, आणि आई-आत्या शालूत. मरतील गं बायका. शिवाय कापड आणि जुनं वाळलेलं लाकूड एकत्र म्हणजे मला झोप लागायची नाही.

त्यावरून होमाचं. मालकाने बार्नच्या आत मेणबत्तीसुद्धा चालणार नाही असं लिहून दिलंय तर त्याच्याशी हुज्जत घालू नको, तो बरोबर आहे. होमकुंड बाहेर, उताराच्या खाली खडी टाकलीय तिथे, बार्नपासून लांब. पाण्याच्या बादल्या आणि एक फायर एक्स्टिंग्विशर शेजारी. अंतरपाट आणि मंगलाष्टका वर खळ्यावर करा, मग सगळे उतरून खाली या, लाजाहोम आणि सप्तपदी मोकळ्या आकाशाखाली. आईला सुरुवातीला पटलं नाही, लग्न अर्धं आत अर्धं बाहेर कसं, पण आपल्या वाड्यात तरी काय होतं, मांडव अंगणातच असायचा.

वेळेबद्दल मी एक सुचवतो. तू साडेचारला ठेवलंयस, फोटोग्राफर म्हणतो म्हणून. जूनअखेर तिकडे सूर्य मावळतो साडेआठच्या पुढे. गोरज मुहूर्त धर ना! गाई घरी यायची वेळ, गाईंच्याच घरात लग्न, याहून चांगला मुहूर्त कुठला भटजी काढून देईल. आषाढी एकादशीच्या आत आहे, त्यामुळे चातुर्मासाचीही कुणाची कटकट नाही. ऊन उतरलेलं असेल, माणसं घामाघूम होणार नाहीत, आणि होम संपेपर्यंत अंधार पडायला लागेल आणि मग खरी गंमत, काजवे.

काजवे तिकडे त्याच दिवसांत येतात, शेताच्या कडेला, गवतातून वर उठत. आपल्याकडे मेअखेरीला पावसाच्या तोंडावर लोक भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला गाड्या भरून जातात आणि हेडलाइट लावून बघतात, धन्य आहेत. काजवा उजेडाने बोलतो, नर चमकून खूण करतो, मादी खालून उत्तर देते, आपण दिवे लावले की त्यांना एकमेकांचं दिसत नाही. म्हणून माझं ऐक, तुझ्या त्या फेअरी लाइट्स बार्नच्या आत लाव पाहिजे तेवढ्या, पण बाहेर कुंपणाला आणि झाडांना नको, आणि जेवणाआधी अर्धा तास सगळंच बंद कर. फुकटात मिळतंय ते विकतच्याने कशाला घालवायचं. आणि हो, पेनसिल्व्हेनियाचा राज्य कीटक काजवाच आहे, १९७४ पासून, शाळेतल्या पोरांनी मागणी करून करून मिळवलं ते. फक्त त्या जातीची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखी चमकून त्यांच्या नराला बोलावते आणि खाऊन टाकते. हे जावईबापूंना लग्नाच्या आधी सांगू नकोस.

पाकोळीसारखी ती लांब शेपटीची पाखरं, बार्न स्वॅलो, त्यांची घरटी तुळईला आहेत असं व्हिडिओत दिसलं. पिल्लं असतील तेव्हा. प्लॅनर ती काढा म्हणाली तर काढू देऊ नको, पाप आहेच पण १९१८ चा कायदाही आहे तिकडे, अंडी-पिल्लं असलेलं घरटं परवानगीशिवाय पाडता येत नाही. केकचं टेबल तेवढं दोन हात सरकव, वरून शेवाळं सोडून दुसरंच काही पडायचं.

भटजींचं मिळत नाहीत म्हणून तू टेन्शन घेतलंयस ते घेऊ नको. तू लिहिलंस ते सेल्फ-युनाइटिंग लायसन्स मला झकास वाटलं, क्वेकर म्हणून ख्रिस्ती पंथ आहे त्यांच्या रीतीतून आलेलं, मधे कुणी लग्न लावणारा नाही, तुम्ही दोघं आणि दोन साक्षीदार सह्या करता आणि झालं. आत्या परत ओरडली, तर मी म्हणलं बाई, भटजीशिवाय लग्न जोतिराव फुल्यांनी पुण्यात १८७३ सालीच लावून दाखवलंय, तुझी भाची काय नवीन करत नाहीये. मंगलाष्टका आई म्हणेल, सप्तपदीचा अर्थ मी इंग्रजीत वाचेन, माझं इंग्रजी ऐकून हसायचं नाही. फक्त लायसन्सचा अर्ज आधी कर, तिथे तीन दिवस थांबावं लागतं आणि मग ते साठच दिवस चालतं.

जेवणाचं तुम्ही बघा, मला त्यात पडायचं नाही. मठ्ठा पाहिजे एवढंच.

बाकी आईचं नऊवारीचं चाललंय, उंच टाचांच्या चपला घेऊ नका म्हणावं आई-आत्या दोघींना, त्या फळ्यांमध्ये टाच अडकते. उताराची लांबी-रुंदी पायाने मोजून नाही, टेपने मोजून पाठव, आजीची व्हीलचेअर चढवायची आहे आणि आईलाही रांगोळीचं माप पाहिजे.

तुझा,
बाबा

ता.क. टेबलावरच्या फुलांच्या फोटोत त्या उंच जांभळ्या घंटा दिसल्या, त्या फॉक्सग्लव्ह आहेत. हृदयाचं औषध त्यातून निघतं, डिजिटॅलिस, पण पान-फूल पोटात गेलं तर विष आहे, माणसाला नी जनावराला. जिथे मुलं ताटात हात घालतात तिथे तर मुळीच नको. त्याऐवजी झेंडू सांग, बार्नच्या लाल रंगावर काय दिसेल बघ.