धनेशाच्या ढोलीला रकाना नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातली खासगी रानतोड वाटा सुकल्या की सुरू होते आणि पावसाच्या तोंडावर थांबते, कारण चिखलात ट्रक चढत नाही. महाधनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची (ग्रेट हॉर्नबिल) वीणही नेमकी याच दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते मे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. अंडे उबवायला ३८ ते ४० दिवस, पिल्लू उडेपर्यंत चारेक महिने. तोवर नर वडा-उंबराची फळे आणून भरवतो. मधेच झाड आडवे झाले तर वीण संपलीच.

तोडीच्या परवानगीत पाहतात काय? झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि सातबारा. ढोलीला रकानाच नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, १६ जाती आहेत. आंबा, फणस, ऐन, किंजळ आहेत. पण ज्याच्या ढोलीत धनेश राहतो तो बेहडा नाही, आणि ज्यावर तो जगतो ते वड-उंबरही नाहीत. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती ‘झाडे’च नव्हेत. पोकळ खोडाला इमारती लाकडाचा भाव नाही, म्हणून ते जळाऊ म्हणून सगळ्यांत आधी जाते.

गंमत अशी, की वन्यजीव कायद्याच्या कलम २(१६) नुसार घरट्याला धक्का लावणे हीसुद्धा शिकार. महाधनेश त्या कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला (अनुसूची १), म्हणजे ३ ते ७ वर्षे कैद. दोन्ही कायदे एकाच वनखात्याच्या टेबलावर! दंड वाढवा अशी मागणी अधूनमधून होते, पण तोडायच्या झाडांवर खुणा (मार्किंग) करणाऱ्याने वर मान करून पाहिलेच नाही, तर दंड करणार कोणाला?

पाहणी अवघड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या झाडांच्या बुंध्याशी काजरा (कुचला) आणि इतर झाडांच्या फळांतल्या बियांचा व विष्ठेचा ढीग दिसतो का बघावे, मग सकाळी तासभर लांब बसून नर येतो का पाहावे. ढोली सापडली की ते झाड, भोवतालचे निदान १०० मीटर रान आणि जवळचे वड-उंबर तोडीतून वगळावेत. पुढल्या वर्षीही, कारण जोडी बहुधा त्याच ढोलीत परतते. बदल्यात रोपे लावून घेण्यात अर्थ नाही. रोपाला ढोली नसते. झाड मालकाचे असते, तेव्हा ते राखल्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत, नाहीतर तो ढोली दाखवणार नाही, गुपचूप तोडेल.

येत्या हंगामाचे अर्ज छापण्याआधी नमुन्यात हा एक रकाना वाढवावा.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, जि. रत्नागिरी