तात्पर्याची एवढी घाई कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गोष्टी थोडक्यात देऊन खाली ठळक अक्षरात 'तात्पर्य' छापायचं जे सदर आहे ना, ते मी न चुकता वाचतो, आणि दर वेळी गोष्ट आवडते पण तात्पर्यापाशी आलो की चिडचिड होते. मागच्या वेळी फ्रेंच लेखक मोपासांची नेकलेसची गोष्ट होती. तात्पर्य काय, तर अंथरूण पाहून पाय पसरावे. झालं! १८८४ सालची गोष्ट लोक अजून वाचतायत ते एका म्हणीसाठी का? म्हण तर आपल्याकडे होतीच की.

माझ्या भाचीला हीच गोष्ट अभ्यासाला आहे, म्हणून दोघांनी मिळून ती पूर्ण, सावकाश वाचली. गोष्टीतली माटिल्ड एका रात्रीच्या समारंभात मिरवायला मैत्रिणीकडून नेकलेस आणते, तो हरवतो तेव्हा नवराच तिला सांगतो की मैत्रिणीला लिहून टाक, हूक तुटलाय, दुरुस्तीला दिलाय. मग डबीवर ज्या सराफाचं नाव असतं त्याच्याकडे जातात तर तो वह्या चाळून म्हणतो, नेकलेस मी विकलेला नाही, मी नुसती डबी दिली असणार. भाची इथेच थांबली. "मामा, एवढ्या भारी नेकलेसला दुसऱ्याच दुकानाची डबी कशी काय?" मी ही गोष्ट आधी दोनदा तरी वाचली असेल, पण खरं सांगतो, हे वाक्य माझ्या डोळ्याखालून नुसतं गेलं होतं. शेवटी जो धक्का बसतो त्याची चाहूल लेखकाने तिथेच देऊन ठेवलीय, बघायचं असेल तर. पुढे तसाच दुसरा ३६,००० फ्रँकना घेतात, कर्ज फेडण्यात दहा वर्षं जातात, आणि परत करताना मैत्रीण डबी उघडूनसुद्धा बघत नाही.

आता ही गोष्ट हौसेची म्हणायची की त्या एका थापेची? हौस तर एका रात्रीत संपली, दहा वर्षं खाल्ली ती थापेने. आणि गरिबी अंगावर आल्यावर तीच बाई ती शूरपणे झेलते असं लेखकच लिहितो, मग 'नखरेल बाईला अद्दल घडली' हे कसं बसवायचं? म्हण चुकीची आहे असं नाही, पण ती लावली की बाकीचं दिसायचंच बंद होतं.

याचा अर्थ ज्याला जे वाटेल ते खरं, असंही नाही बरं का. मी जरा शहाणपणा करून म्हटलं की मैत्रिणीला सगळं माहीत असणार, मुद्दाम गप्प बसली. भाचीने शेवटचं पान समोर धरलं. आपला नेकलेस खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा, हे सांगताना मैत्रीण हेलावून जाते, माटिल्डचे दोन्ही हात धरते. माझी थिअरी तिथेच बाद.

पुराणकथांचं तर याहून अवघड, कारण तिथे एकच एक मूळ प्रत हातात नसते. शापाने शिळा झालेली अहल्या आपल्याला पाठ आहे, पण वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होतच नाही, कोणाला न दिसता, वाऱ्यावर जगत राखेत पडून असते. शिळा आली ती नंतरच्या कथनांतून. मग 'खरी कुठली' यावर भांडण्यापेक्षा नंतरच्या लोकांना तिचा दगड का करावासा वाटला, हे विचारणं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. तिकडे ग्रीक कथेत बापाने करून दिलेले पंख लावून उडणाऱ्या इकारसचंही तेच, फार उंच उडू नकोस एवढंच आपण लक्षात ठेवलं. बापाने खालीही जाऊ नकोस, समुद्राच्या ओलाव्याने पिसं जड होतील असं बजावलेलं असतं, ते कोणी सांगतच नाही.

तर विनंती एकच. पुढच्या रविवारी ग्रीक पुराणातली, दुखण्यांनी भरलेली पेटी उघडणाऱ्या पँडोराची गोष्ट घ्या. (मूळ ग्रीकमध्ये तो रांजण आहे बरं का, पेटी नाही, रांजणाची पेटी १६व्या शतकात इरॅस्मस या विद्वानाने लॅटिनमध्ये करून ठेवली.) सगळी दुखणी बाहेर पडतात आणि झाकण लागतं तेव्हा आशा तेवढी आत राहते. ती माणसासाठी जपून ठेवली की माणसापासून कोंडून ठेवली, यावर आमचं मामा-भाचीचं अजून वाजतंय. तेव्हा गोष्ट छापा आणि तात्पर्याची चौकट या वेळी कोरी सोडा.

आपला,
एक नियमित वाचक