स्टेंटनंतरची गोळी परस्पर थांबवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाला आहार आणि चालण्यावर भरपूर छापून येते. स्टेंट बसवून घरी आलेल्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो : ‘रक्त पातळ करायची गोळी किती दिवस?’

खरे तर ही गोळी रक्त पातळ करतच नाही. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाही. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून या जाळीवर औषधाचा लेप असतो, पण त्याच लेपामुळे जाळीवर पेशींचे अस्तर सावकाश चढते. तोवर धातू उघडा. त्यावर गुठळी धरली तर वाहिनी एकाएकी बंद होऊन हृदयविकाराचा मोठा झटका येतो. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदा किंवा टिकाग्रेलॉर दोनदा. झटक्यानंतर ही जोडी साधारण १२ महिने, झटका नसताना ठरवून बसवलेल्या स्टेंटला ६. रक्तस्रावाचा धोका असल्यास डॉक्टर मुदत घटवतात. पुढे एक गोळी बहुधा कायमची.

घोळ होतो तो भलत्याच निमित्ताने. दाढ काढायची म्हणून आठवडाभर गोळ्या बंद! साध्या दाढेला त्याची गरज सहसा नसते. बोळा घट्ट चावून धरला की रक्त थांबते, जरा उशिरा इतकेच. त्यातून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलवरचे ॲटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये असतील, तर ‘ॲस्पिरिन थांबवा’ म्हणताच तिन्ही सुटतात. पट्टीच्या मागचा बारीक मजकूर त्यासाठी वाचायचा. कंपनी बदलली की तेच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जाते, तेही तिथेच कळते.

क्लोपिडोग्रेल चालू असताना ॲसिडिटीला ओमेप्राझोल नको, त्याने गोळीचा असर घटतो, पँटोप्राझोल बरे. गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते. गोळी बदलून मिळते, पण आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. धाप हृदयाचीही असू शकते.

डांबरासारखी काळी शौच झाली तर ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तेव्हा ती चालू असल्यास सांगावे. सोबत डिस्चार्ज कार्ड न्यावे; स्टेंट कधी आणि कुठल्या वाहिनीत बसवला, हे त्यावर लिहिलेले असते.

– एक फार्मासिस्ट, सांगली