एका दिवशी एकच ठिकाण

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिसा हातात आला, विमानाची तिकिटं झाली, आता लंडनच्या आठवड्याचं नक्की करायला हवं. बाबा, तुमची यादी मिळाली. वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरलं आहे. त्यातली निम्मी ठिकाणं मी गाळली आहेत, आणि का गाळली ते सांगायला हे पत्र. फोनवर बोलले असते तर आई म्हणाली असती "तू ठरवशील तसं", आणि बाबा गप्प बसले असते. तसं नको. दोघांनी निवांत वाचा, आपसांत बोला, मग सांगा.

माझा हिशेब एवढाच आहे की एका दिवशी एकच मोठं ठिकाण. सकाळी नाश्ता करून निघायचं, दीड-दोनपर्यंत पाहायचं, जेवायचं आणि खोलीवर येऊन आडवं व्हायचं. जूनमध्ये तिथे रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो. आई, तुझी तिन्हीसांजेला दिवा लावायची वेळ होते तेव्हा तिथे ऊन असेल. त्यामुळे दुपारी झोप काढली तरी संध्याकाळ हातात राहते. तुम्ही यात्रा कंपनीबरोबर उत्तर भारत करून आलात तेव्हा मी ताजमहालाबद्दल विचारलं, तर आईला आठवत होती ती बस सुटायची घाई. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आहे.

मावशी म्हणते तसं पॅरिस जोडायचं नाही. ब्रिटनच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही, त्याला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि सात दिवसांतले दोन प्रवासातच जातील. सात दिवस एका शहराला द्यावेत एवढं लंडन नक्कीच मोठं आहे.

माझ्या लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला थेट गाडी आहे, सव्वादोन तासांची. सोमवारी दुपारी पोहोचू. मुक्काम युस्टनच्या बाजूलाच करू, कारण तिथून सगळीकडे बस मिळते आणि युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, शाकाहारी थाळी असं सगळं आहे. आईच्या गुरुवारचा प्रश्न तिथेच सुटतो. हॉटेल घेताना मी फक्त लिफ्ट आहे का ते पाहते आहे. तिथली जुनी हॉटेलं चार मजली असतात आणि जिने अरुंद. खोली लहान असली तरी चालेल, आईच्या गुडघ्यांना जिना नको.

पहिल्या संध्याकाळी काहीच 'बघायचं' नाही. २४ नंबरच्या दुमजली बसमध्ये बसायचं. ती ट्रॅफलगार चौक, संसदेसमोरचा चौक असं करत पुढे जाते. संसदेपाशी उतरू, महात्मा गांधींचा पुतळा पाहू (२०१५ साली बसवला), पुलावर थोडं उभं राहू आणि परत येऊ. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाने आपापलं कार्ड चढताना टेकवायचं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. म्हणून निघण्याआधी दोघांच्या नावाची दोन फॉरेक्स कार्डं करून घ्या. एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच पडतं. भुयारी रेल्वेत मात्र उतरतानाही तेच कार्ड टेकवावं लागतं. बरीच स्टेशनं शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि तिथे लिफ्ट नाही. २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांत फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येतं. जमेल तिथे तीच गाडी, नाहीतर बस.

मंगळवारी ब्रिटिश म्युझियम. प्रवेश फुकट आहे, म्हणूनच तिथे सगळं पाहायचा मोह होतो आणि माणूस थकून काहीच न पाहता बाहेर येतो. आपण दोनच गोष्टींसाठी जायचं: रोझेटा शिला (जिच्यामुळे इजिप्तची जुनी चित्रलिपी वाचता आली) आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. आंध्रातली ती शिल्पं इथे पाहताना मला राग येतो आणि पाय तिथून निघतही नाहीत, दोन्ही एकदमच. आई, त्या शिल्पांतल्या बायकांचे दागिने तू तासभर बघत बसशील हे मला माहीत आहे. बस की, त्यासाठीच वेळ ठेवला आहे.

बुधवारी वेस्टमिन्स्टर. बाबांच्या यादीत बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारा बदलण्याचा सोहळा आहे. तो गाळला आहे. चांगली जागा हवी तर तास-दीड तास आधी जाऊन गर्दीत उभं राहावं लागतं. त्याऐवजी हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर सकाळी अकराला घोडेस्वारांचा पहारा बदलतो, तो बराच जवळून दिसतो. मग सेंट जेम्स पार्कात बाकावर बसून डबा खाऊ. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत, ते १६६४ साली रशियाच्या राजदूताने राजाला भेट दिले तेव्हापासून. दुपारी वेस्टमिन्स्टर ॲबी. न्यूटन आणि डार्विन दोघंही तिथे पुरलेले आहेत.

गुरुवारी टॉवर ऑफ लंडन. तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर आहे, तरी हे सोडायचं नाही, कारण बाबांना कोहिनूर पाहायचा आहे. उघडताक्षणी पोचून आधी जवाहिरखान्यात जायचं, नंतर रांग लांब होते. मुख्य मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहूनच पुढे जावं लागतं. पण पट्टा उतरून परत मागे जाऊन पुन्हा पाहता येतं. १८४९ च्या लाहोर तहाने जो हिरा पंजाबच्या लहानग्या महाराजा दुलीपसिंगाकडून घेतला, तो इथे १८५२ साली पुन्हा कापला आणि १०५ कॅरेटवर आणला. आता तो दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईसाठी १९३७ साली केलेल्या मुकुटात आहे. बाबा, तुम्ही पाटीवरचा शब्द न् शब्द वाचाल. वाचा. आई आणि मी बाहेर डोमकावळे बघत थांबू.

शुक्रवार तुमच्या यादीत नव्हता, तो मी घातला आहे आणि माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात मोलाचा दिवस हाच. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनपासून चार पावलांवर हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथे १० नंबरच्या घरावर निळी पाटी आहे: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी बदनामीचा दावा लावला होता, त्याची सुनावणी लंडनला झाली. निकाल विरोधात गेला, खर्चाने कंबर मोडली, तरी ते त्या वर्षात स्वराज्यावर भाषणं देत हिंडले. घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहायचं.

तिथून लगेच कालवा लागतो. लिटल व्हेनिस म्हणतात त्या जागेला. लांबट, अरुंद होड्या तिथून कॅमडेनपर्यंत जातात, पाऊण-एक तास लागतो. मध्ये एक बोगदा लागतो, मग प्राणिसंग्रहालयाच्या मधून कालवा जातो. आईला चालायला नको आणि बाबांना जुना जलमार्ग पाहायला मिळतो. कॅमडेनला फार गर्दी असते, तिथे रेंगाळायचं नाही. टॅक्सी करून किंग हेन्रीज रोडला जायचं, १० नंबरलाच. योगायोगाने दोन्ही घरांचा नंबर एकच. इथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं.

बाबा, याचा धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. मार्च १९२० मध्ये कागलजवळच्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं की बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला आले. या घरातून ते ब्रिटिश म्युझियमच्या गोल वाचनालयात जाऊन दिवसभर वाचत बसत. म्हणजे मंगळवारी आपण ज्या इमारतीत असू, तिथेच. टिळक १९१९ च्या अखेरीस इथून परतले आणि पुढच्याच वर्षी बाबासाहेब आले. दोन घरांत सरळ रेषेत तीन किलोमीटरचंही अंतर नाही. तुम्ही माणगावला आम्हाला नेलं होतं, तेव्हा मी लहान होते, फारसं कळलं नव्हतं. आता मला तुम्हाला या घरात न्यायचं आहे. स्मारकाची वेळ मी आधी पाहून ठेवेन. नंतर शेजारच्याच प्रिमरोज हिलवर हळूहळू चढू, चढ सौम्य आहे आणि वर बसायला जागा आहे. तिथून सगळं लंडन दिसतं, फुकट. म्हणून तो मोठा पाळणा, लंडन आय, मी यादीतून काढला आहे.

शनिवार आईचा. क्यू गार्डन्स. आई, तू गच्चीवर जे चाळीस-पन्नास कुंड्यांत करतेस ते इथे १७५९ पासून चाललं आहे. काचेचं पाम हाउस आहे, आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि थेट कोकणात आल्यासारखं वाटतं. मलेरियावरच्या क्विनीनसाठी सिंकोनाची झाडं निलगिरीत आली ती या बागेच्या खटपटीतून. पण तुला मी नेणार आहे ते मेरियन नॉर्थच्या दालनात. एकोणिसाव्या शतकात ही बाई एकटी जगभर फिरली, भारतातही आली, आणि जिथे जाईल तिथली झाडं रंगवत गेली. तिची आठशेहून अधिक चित्रं एकाला एक चिकटून भिंतभर लावली आहेत, तिने स्वतः ठरवलेल्या मांडणीत. बाबांनी त्या दिवशी घाई करायची नाही. आतमध्ये छोटी गाडी फिरते, पाय दुखले तर तीत बसू.

रविवारी ग्रिनिच, आणि तो बाबांचा. इतकी वर्षं तुम्ही फळ्यावर शून्य अंशाची रेषा काढलीत, पोरांकडून पाठ करून घेतलंत की पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, भारताचे साडेब्याऐंशी अंश भागिले पंधरा म्हणजे साडेपाच तास. ती रेषा वेधशाळेच्या अंगणात धातूच्या पट्टीने जमिनीत बसवली आहे. १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत ती जगाने मानली. आणि गंमत म्हणजे फोन काढून पाहाल तर शून्य रेखांश पट्टीवर दिसत नाही, शंभरेक मीटर पूर्वेला दिसतो, कारण उपग्रहावरची मोजणी पृथ्वीच्या मध्याला धरून होते आणि जुनी दुर्बीण स्थानिक ओळंब्याला धरून होती. याचा खुलासा तुम्हीच आईला करा, मला ऐकायचा आहे. वेधशाळेच्या कळसावर लाल गोळा आहे, १८३३ पासून नदीतल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून रोज एकच्या ठोक्याला खाली पडतो. पावणेएकपर्यंत तिथे पोचायला हवं. खालून गेलं तर टेकडीचा चढ दमवतो, म्हणून ब्लॅकहीथच्या बाजूने सपाट रस्त्याने आत शिरू आणि नंतर उतरत नदीकाठी येऊ. परत येताना बोट, टॉवर ब्रिजच्या खालून.

सोमवारी परत लीड्स.

पाऊस लागला तर एखादा दिवस बदलून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला जाऊ. बाबा, वाघनखं मात्र तिथे पाहायला मिळणार नाहीत. २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. मेणाचे पुतळे मी पूर्ण काढले आहेत. त्या पैशात आपण दोनदा चांगलं जेवू.

आता तुमच्याकडची कामं. नवे बूट आजच घ्या आणि रंकाळ्यावर फिरायला तेच घालून जा, इथे येऊन फोड नकोत. औषधं दोन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा काढलाच पाहिजे. आधीपासूनचं ब्लडप्रेशर त्यात धरलं आहे का ते एजंटला विचारून मला कागद पाठवा. जून असला तरी संध्याकाळी गार वारा असतो, आईचा तो जाड स्वेटर हवा.

एकच गोष्ट तुमच्यावर सोडते. शुक्रवारी संध्याकाळी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते. व्हॅन गॉगची सूर्यफुलं पाहायला जायचं, की त्या दिवशी दोन घरं पाहून झाल्यावर खोलीवरच बसायचं, ते दोघांनी मिळून सांगा. टॉवरचं तिकीट आणि हॉटेल मी रविवारी बुक करणार आहे, त्याआधी बाबांनी यादीतलं आणखी काही परत हवं असेल तर फोन करावा. फक्त त्याच्या बदल्यात कोणता दिवस सोडायचा तेही सांगा.

तुमची लेक